एकच कॉलम चेक करायचाय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

"मॅडम, अख्खी बिल्डिंग नाहीये, फक्त एक कॉलम चेक करायचाय, त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" हा प्रश्न मला फोनवर, व्हॉट्सअॅपवर, कुणाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत, सगळीकडे विचारून झालाय, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकते आणि पुढच्या वेळी सरळ लिंक पाठवते.

कॉलेजात आणि क्लासमध्ये शिकवतात स्टॅड आणि ईटॅब्स, अख्ख्या बिल्डिंगची सॉफ्टवेअर, म्हणजे फ्रेम (बीम-कॉलमचा पूर्ण सांगाडा) मॉडेल करा, लोड टाका, रन मारा, स्टील घ्या. पण नाशिकसारख्या गावात छोटं ऑफिस चालवणाऱ्याकडे येणारं बरंचसं काम फ्रेमचं नसतंच. कुणाला हॉल आणि किचनमधली भिंत काढून तिथे बीम टाकायचाय, कुणाला जुन्या बंगल्याला बाहेरून लिफ्ट जोडायचीय, कुणाची कंपाउंडची रिटेनिंग वॉल ढासळलीय, शेडच्या एका पायाखाली काळी माती निघाली म्हणून एकच फूटिंग बदलायचंय. आणि कॉन्ट्रॅक्टर साइटवरून फोन लावून उभा असतो, "मॅडम, खाली पाच सुताच्या तीन घालू का चार, फिटर थांबलाय." अशा वेळी पूर्ण मॉडेल उभं करत बसणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिथे लागतं ते एका मेंबरचं (एकच बीम, कॉलम किंवा फूटिंग) टूल, लोड किंवा मोमेंट (वाकवणारा जोर) हाताने भरायचे आणि उत्तर दोन मिनिटांत.

तर पर्याय काय आहेत. परदेशी नावं बरीच ऐकली असतील. एसपीकॉलम आहे, जे पूर्वी अमेरिकेच्या पोर्टलँड सिमेंट असोसिएशनचं पीसीएकॉल होतं, कॉलमसाठी माझ्या मते सगळ्यात स्वच्छ प्रोग्रॅम. इंटरॅक्शन डायग्राम (लोड आणि मोमेंट एकत्र किती झेपतात याचा आलेख) डोळ्यांसमोर दिसतो, सगळे लोड पॉइंट त्यावर ठिपक्यांसारखे पडतात, कुठला आत कुठला बाहेर लगेच कळतं. पण त्यात कोड आहेत अमेरिकेचा एसीआय ३१८ आणि कॅनडाचा, आपला आयएस ४५६ (भारताचा काँक्रीटचा कोड) नाही. लोकं म्हणतात चालतं हो, थोडंफार इकडेतिकडे. नाही चालत! एसीआयमध्ये काँक्रीटची ताकद सिलिंडरची असते आणि आपली क्यूबची, म्हणजे आपलं एम २५ (क्यूबवर २५ ताकदीचं काँक्रीट) तिथे साधारण २० धरावं लागतं, आणि वर त्यांचे फॅक्टर वेगळ्या पद्धतीने लागतात, लोडचेही आणि ताकदीचेही. दुबई-दोह्यात काम करणारी आपली मुलं किंवा पुण्यात बसून बाहेरच्या देशांची डिझाइन करणारी ऑफिसं, त्यांच्यासाठी हे सोन्यासारखं टूल आहे. सिन्नरच्या बंगल्यासाठी नाही.

टेकला टेड्सचंही तसंच. त्याची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते उत्तर देत नाही, गणित देतं, पानभर, एकेक पायरी, शेजारी कलम नंबर, चेकरच्या हातात तसंच्या तसं देता येईल असं. पण त्याचा जोर ब्रिटिश, युरोकोड आणि अमेरिकन कोडवर, त्यामुळे घेण्याआधी तुम्हाला हवा तो मेंबर आयएस ४५६ ला आहे का हे डेमोत स्वतः उघडून बघायचं, सेल्सवाल्याच्या "हो हो आहे सगळं" वर जायचं नाही. कॉम्प्युटर्स अँड स्ट्रक्चर्सवाल्यांचं सीएसआयकॉल आहे, ते फक्त कॉलमपुरतं. आपल्याकडचं म्हणाल तर पुण्याच्या सॉफ्टटेकचं स्ट्रड्स आहे, आयएस कोड डोक्यात ठेवूनच बनवलेलं, पण तेही मुळात बिल्डिंगसाठी आहे, एकट्या मेंबरसाठी वापरता येतं पण स्वभाव बिल्डिंगचा. स्टॅडसोबतचं आरसीडीसी पण तसंच, फ्रेममधून फोर्सेस आले की खरं कामाचं.

फुकटात म्हणाल तर टोरोंटो विद्यापीठाचं रिस्पॉन्स २०००. ते कोड बघतच नाही, तुमचा सेक्शन आणि सळया सांगा, ते मोमेंट-कर्व्हेचर (किती मोमेंटला किती वाकेल) काढून देतं, शिअरसकट (शिअर म्हणजे कापणारा जोर). जुना बीम खरंच किती घेईल हे समजून घ्यायला मस्त. पण ड्रॉइंगवर सही त्याच्या भरवशावर करता येत नाही. पायथॉन येत असेल तर काँक्रीटप्रॉपर्टीज नावाची मोफत लायब्ररी आहे, आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने ती लावून ठेवलीय आणि तो सोडून बाकी कुणी तिला हात लावत नाही, हा तिचा मुख्य दोष 😀

आणि मग एक्सेल. खरं सांगायचं तर महाराष्ट्रातली निम्मी डिझाइन आजही कुणाच्या तरी एक्सेल शीटवर होतात, जे शीट त्याने आधीच्या बॉसकडून आणलं, बॉसने कॉलेजच्या सरांकडून, आणि फाइलचं नाव "बीम फायनल न्यू २". मी एक्सेलच्या विरोधात नाही, उलट बाजूनेच आहे, ते का ते पुढे येईलच.

आता निवड कशी करायची. माझी एकच अट असते, मधली गणितं दिसली पाहिजेत. शेवटी हिरवा टिक आणि "पास" एवढंच दाखवणारं टूल कितीही महाग असो मी घेत नाही. कारण एका मेंबरमध्ये गणित काही अवघड नसतंच, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला येतं, घोळ होतो तो टूल तुमचा आकडा काय समजलं यात. म्हणून डेमो व्हर्जन हातात आलं की मी त्याची परीक्षा घेते, आणि ती परीक्षा इथे देते, कुठलंही टूल घ्यायच्या आधी करून बघा.

आधी साधा बीम. २३० बाय ४५०, एम २५, एफई ५०० (५०० ताकदीच्या सळया), फॅक्टर्ड (सुरक्षेसाठी वाढवलेला) मोमेंट १०० केएन-मीटर, कव्हर २५. आता हे २५ कशाचं? क्लिअर कव्हर (रिंगेच्या बाहेरचं काँक्रीट) धरलं, ८ ची रिंग (सळयांना वेढणारी कडी) आणि १६ च्या सळईचा अर्धा धरला, तर इफेक्टिव्ह डेप्थ (वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत) ४०९ येते, सरळ ४१० धरा, आणि स्टील लागतं साधारण ६५० चौरस मिमी. पण काही टूल कव्हर म्हणजे सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर धरतात, मग डेप्थ होते ४२५ आणि स्टील येतं ६२० च्या आत. आता दोन २० च्या सळया म्हणजे ६२८. एका टूलमध्ये बीम पास, दुसऱ्यात फेल, आणि दोन्ही टूल आपापल्या जागी बरोबर! स्क्रीनवर "कव्हर" एवढंच लिहिलेलं असतं, कुठलं कव्हर ते मॅन्युअलच्या कोपऱ्यात. ज्या टूलमध्ये डेप्थ छापून येते तिथे हे एका नजरेत कळतं.

त्याच बीमला मिनिमम स्टील विचारा. ४५६ ने ०.८५ भागिले एफवाय (सळईची ताकद), गुणिले रुंदी आणि डेप्थ, म्हणजे १६० च्या आसपास. आयएस १३९२० (भूकंपात न तुटता वाकेल अशा सळयांच्या मांडणीचा, म्हणजे डक्टाइल डिटेलिंगचा कोड) लावलं तर ०.२४ गुणिले एफसीकेचं (काँक्रीटच्या ताकदीचं) वर्गमूळ भागिले एफवाय, पुन्हा गुणिले रुंदी आणि डेप्थ, म्हणजे २२६. टूल १६० म्हणालं तर समजा डक्टाइल डिटेलिंगचं बटण बंद आहे, किंवा त्यात ते नाहीच. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या नकाशात मुंबई, पुणे, नाशिक झोन ३ मध्ये, तिथे हे बटण बंद ठेवून चालत नाही.

मग रिंगा. ४५६ च्या २००० सालच्या छापील प्रतीत ४०.४ कलमात स्पष्ट आहे, रिंगेच्या स्टीलचा एफवाय ४१५ पेक्षा जास्त धरायचा नाही. आज बाजारात रिंगेलाही ५०० चंच स्टील येतं, आणि मी बघितलेल्या कित्येक शीटमध्ये एफवायचा एकच सेल असतो, तोच मेन सळईला, तोच रिंगेला. म्हणजे रिंगांचं अंतर वीस टक्के ढिलं. हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण घरगुती बीममध्ये बहुतेक वेळा मिनिमम रिंगाच येतात, आणि ज्या दिवशी खरंच शिअर जास्त असतो त्या दिवशी हे लागतं.

कॉलमवर मात्र थोडं थांबते, कारण खरी मजा तिथे आहे. ३०० बाय ४५० चा कॉलम घ्या, एम २५, एफई ५००, आठ १६ च्या सळया, म्हणजे १६०८ चौरस मिमी, १.२ टक्क्याच्या जवळ. ४५६ च्या ३९.३ च्या सूत्राने, तेच ०.४ एफसीके एसी अधिक ०.६७ एफवाय एएससी (एसी काँक्रीटचं क्षेत्रफळ, एएससी स्टीलचं), याची ताकद येते साधारण १८७३ केएन. हाच आकडा छोटी मोफत अॅप्स ताडकन देतात आणि लोकं खूश होतात. पण ते सूत्र लागू कधी होतं? मिनिमम एक्सेंट्रिसिटी (लोड मध्यापासून सरकलाय असं धरायचं कमीत कमी अंतर) बाजूच्या ०.०५ पटीपेक्षा जास्त नसेल तेव्हा. आणि मिनिमम एक्सेंट्रिसिटी २० मिमीपेक्षा कमी धरताच येत नाही. ३०० च्या बाजूला ०.०५ पट म्हणजे १५. म्हणजे सूत्र गेलं! थोडं गणित केलंत तर दिसेल की एकही बाजू ४०० पेक्षा कमी असेल तर हे सूत्र वापरताच येत नाही, आणि आपल्याकडे बंगल्यात ४०० च्या आतले कॉलमच जास्त. तेव्हा टूलमध्ये फक्त लोड टाका, मोमेंट शून्य ठेवा आणि बघा ते काय करतं. गुपचूप २० मिमीचा मोमेंट स्वतः लावत असेल आणि तसं छापत असेल तर टूल चांगलं. १८७३ छापून मोकळं होत असेल तर अनइन्स्टॉल.

याच्या उलट्या बाजूचाही घोळ असतो. काही टूल मिनिमम एक्सेंट्रिसिटी दोन्ही दिशांना एकाच वेळी लावतात. कोडच्या २५.४ मध्ये सांगितलंय की बायअॅक्शिअल (दोन्ही दिशांना वाकणं) असेल तर एका वेळी एकाच अक्षाला बघितलं तरी पुरे. दोन्हीकडे एकदम लावलं तर स्टील उगाच वाढतं, धोका नाही पण क्लायंटचे पैसे जातात, आणि मग जुन्या कॉलमचं चेकिंग असेल तर चांगला कॉलम उगाच फेल दाखवून जॅकेटिंगचा (जुन्या कॉलमभोवती नवं काँक्रीट चढवण्याचा) खर्च गळ्यात पडतो.

स्लेंडरनेस (कॉलमचा सडपातळपणा, लांबी भागिले जाडी) बघा. पार्किंगमधला २३० चा जुना कॉलम, इफेक्टिव्ह लांबी ३ मीटर, भागाकार १३, म्हणजे १२ च्या वर, स्लेंडर. जास्तीचा मोमेंट काढला तर एक्सेंट्रिसिटी जवळजवळ २० मिमीने वाढते, ८०० केएन लोडला पंधरा-सोळा केएन-मीटर, २३० च्या बाजूला ही किरकोळ गोष्ट नाही. आता हे नीट करायला टूलने वरचा आणि खालचा असे दोन मोमेंट विचारायला हवेत, चिन्हासकट, कारण कॉलम एकाच बाजूला वाकतोय की एस आकारात यावर सुरुवातीचा मोमेंट ठरतो. एकच मोमेंट विचारणारं टूल हे करूच शकत नाही, ते जास्तीत जास्त मोठा मोमेंट धरून चालतं किंवा स्लेंडरनेस सोडूनच देतं. इनपुटचा फॉर्म बघूनच हे ओळखता येतं, रन मारायचीही गरज नाही.

आणि हो, २३० चे कॉलम. १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीत लहान स्पॅनला २०० पर्यंत चालायचं, २०१६ नंतर कमीत कमी ३००, किंवा बीमच्या सगळ्यात जाड सळईच्या २० पट, जे जास्त असेल ते. म्हणजे बीमची २० ची सळई कॉलममधून जात असेल तर ४०० झाले! नऊ इंची भिंतीत कॉलम लपवायची आपली जुनी सवय, आर्किटेक्ट अजून भांडतात, क्लायंट अजून "कोपरा बाहेर येतो हो" म्हणतात. २३० टाकल्यावर काहीच न बोलणारं टूल जुन्या कोडवरच थांबलेलं आहे. क्रॅक केलेल्या कॉप्यांचा खरा त्रास मला इथे वाटतो, चोरी वगैरे आहेच पण त्या जिथे थांबल्या तिथे थांबल्या, कोड पुढे गेला.

बायअॅक्शिअलमध्ये अजून एक. ४५६ चं ३९.६ चं सूत्र म्हणजे दोन गुणोत्तरं (प्रत्येक दिशेचा आलेला मोमेंट भागिले झेपणारा), त्यांना अल्फा-एनचा घात, बेरीज एकच्या आत. वरच्याच कॉलमला १२०० केएन असेल तर पीयूझेड (मोमेंट नसताना थेट लोडची ताकद) २१०४ येतो, गुणोत्तर ०.५७, अल्फा-एन १.६२. सीएसआयकॉल किंवा एसपीकॉलमसारखी टूल हे सूत्र न वापरता खऱ्या सेक्शनचं स्ट्रेन धरून पूर्ण पृष्ठभाग काढतात. उत्तरं जुळत नाहीत, जुळायलाही नकोत. शिवाय रेशोची व्याख्या वेगळी असते, कुणी लोड कायम ठेवून मोमेंट वाढवतं, कुणी लोड-मोमेंट दोन्ही एका रेषेत वाढवतं. त्यामुळे "याच्यात ०.९२ आला, त्याच्यात ०.८५, म्हणजे ते जास्त भारी" हा हिशेब बरोबर नाही.

आणि फोर्सेस दुसरीकडून आणत असाल तर अक्ष! स्टॅडमध्ये नेहमीच्या मांडणीत मोठा मोमेंट एमझेड, ईटॅब्समध्ये एम३, आणि मेंबरच्या टूलमध्ये एमएक्स-एमवाय, त्यातही एक्स अक्षाभोवती की एक्सच्या दिशेला हे प्रत्येकाचं आपापलं. माझा उपाय सोपा आहे, ३०० बाय ९०० असा पट्टीसारखा कॉलम टाकायचा, एकाच दिशेला मोमेंट द्यायचा आणि रेशो बघायचा. अक्ष उलटे असतील तर लगेच बोंब होते. चौकोनी कॉलमवर ही चाचणी केलीत तर काहीच कळणार नाही.

फूटिंगचं पटकन सांगते. २ बाय २ मीटर, सर्व्हिस (न वाढवलेला) लोड ४०० केएन, मोमेंट २४० केएन-मीटर. एक्सेंट्रिसिटी ०.६ मीटर, म्हणजे एल-बाय-सहाच्या (लांबीच्या सहाव्या भागाच्या) बाहेर, एक बाजू उचलली जातेय. पी बाय ए अधिक एम बाय झेड (थेट लोडचा दाब अधिक वाकण्याचा) करणारं शीट मातीवरचा दाब २८० देतं आणि दुसऱ्या टोकाला उणे ८०, जणू माती फूटिंगला धरून ओढतेय. खरा दाब येतो ३३३. जे टूल इथे २८० म्हणतं त्याला नमस्कार करा आणि पुढे चला. कंपाउंडच्या कडेला, शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून फूटिंग असतं तेव्हा हीच केस येते, रोजची आहे, पुस्तकी नाही.

हे सगळे आकडे मी हाताने काढलेत, तुम्हीही काढा, कागदावर अर्धा तास लागेल. आणि कॉलमच्या चार्टसाठी एसपी १६ आहेच. १९८० चं पुस्तक, १९७८ च्या कोडवरचं, पण स्ट्रेस ब्लॉक (काँक्रीटमधला दाब कसा पसरतो ते) २००० च्या कोडमध्ये तोच राहिल्यामुळे चार्ट अजून चालतात. एखाद्या टूलचं उत्तर एसपी १६ च्या चार्टशी पाच टक्क्यांत जुळलं नाही तर मी आधी टूलवर संशय घेते, मग स्वतःवर. चार्ट बघताना डी-डॅश बाय डी (कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले कॉलमची बाजू) बरोबर घ्या म्हणजे झालं.

कुणी म्हणेल एवढं कशाला, मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासलेलीच असतात. असतात की. नॉर्वेत १९९१ च्या ऑगस्टमध्ये स्लाइपनर ए नावाच्या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया स्टावांगरजवळ फ्योर्डमध्ये चाचणीच्या वेळी बुडाला. तिथलंही सॉफ्टवेअर नावाजलेलंच होतं. मेश (गणितासाठी पाडलेले तुकडे) ढोबळ घेतल्यामुळे तीन नळकांड्यांच्या मधल्या भिंतीतला शिअर ४७ टक्के कमी आला, त्यात सळयांचं डिटेलिंग तोकडं. नंतर नीट अॅनालिसिस केलं तेव्हा ६२ मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं, आणि फुटला होता ६५ मीटरला. म्हणजे गणित सगळं उपलब्ध होतं, त्या एका भिंतीकडे सुटं बघायचं राहिलं.

तर माझ्याकडे सध्या काय आहे ते सांगते. बीम, स्लॅब, फूटिंग आणि रिटेनिंग वॉल, चारही एक्सेलवर, स्वतःचे. नियम एवढाच की कुठलाही सेल लपवायचा नाही, प्रत्येक ओळीशेजारी कलम नंबर, इनपुट पिवळ्या रंगात, आणि शीटच्या तळाशी वर दिलेली उदाहरणं कायमची बसवलेली, म्हणजे कुणी सूत्राला धक्का लावला की तळाचे आकडे बदलतात आणि लाल होतात. फाइल बदलली की नावात तारीख, "फायनल न्यू" म्हणणाऱ्याला चहा पाजावा लागतो. ज्यांना एक्सेलमधली सूत्रं वाचायला त्रास होतो त्यांनी एसमॅथ बघा, मॅथकॅडसारखं आहे, वैयक्तिक वापराला फुकट, गणित वहीत लिहिल्यासारखं दिसतं आणि युनिट स्वतः सांभाळतं. केएन आणि न्यूटनच्या गोंधळात अडकणाऱ्या नवीन मुलांना मी आधी तेच देते.

कॉलमसाठी मात्र विकतचं टूल ठेवलंय, कारण बायअॅक्शिअल, एल आकाराचे कॉलम, जॅकेटिंगनंतरचा दोन ग्रेडचा सेक्शन हे एक्सेलमध्ये करणं म्हणजे हौस, आणि हौसेला आता वेळ नाही. त्यातही वार्षिक भाडं घेण्याआधी हिशेब केला की वर्षात असे कॉलम येतात किती. तुमच्याकडे दोन-चारच येत असतील तर एसपी १६ आणि शांत दुपार पुरे, पैसे वाचवा. रोज येत असतील, रिपेअरची कामं करत असाल, तर घ्या, आणि नूतनीकरण थांबलं तर जुन्या फाइल उघडतील का हे आधी लेखी विचारून घ्या, कारण सोसायटीचा वकील सात वर्षांनी गणित मागतो तेव्हा स्क्रीनवर "लायसन्स एक्स्पायर्ड" दाखवून भागत नाही. मी म्हणूनच प्रत्येक मेंबरचं पूर्ण गणित पीडीएफ करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकते, आउटपुटची एक ओळ नाही, पूर्ण.

पाण्याच्या टाकीबद्दलही विचारणा आली होती. ते यात घालू नका. बहुतेक मेंबर टूल क्रॅक विड्थ ४५६ च्या परिशिष्ट एफ ने काढतात, टाकीला आयएस ३३७० लागतो, भिंतीत वाकणं आणि थेट ताण दोन्ही एकदम असतात आणि मर्यादा ०.२ मिमीची. बीमच्या शीटमध्ये टाकीची भिंत एक मीटर रुंदीचा बीम म्हणून टाकणारे लोक मला माहीत आहेत. टाकीचं शीट मी वेगळं केलंय, त्याची उदाहरणं हाताने तपासून झाली की इथेच टाकते.